मोहीम सुरू करण्याआधी वस्तू किती तयार हवी? वाचकांचे प्रश्न

क्राउडफंडिंगबद्दल आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच आहे: लोकांकडून आगाऊ पैसे मागण्याआधी आपलं काम कुठवर झालेलं असावं? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पैशाच्या बदल्यात वस्तू देणाऱ्या मोहिमांपुरतीच ही उत्तरं आहेत. देणगी मागणाऱ्या किंवा कंपनीत हिस्सा देणाऱ्या मोहिमांचे नियम वेगळे असतात.

प्रश्न : रिचार्ज होणारा टेबलदिवा बनवला आहे. सर्किट डेव्हलपमेंट बोर्डवर (प्रयोगांसाठी बाजारात मिळणाऱ्या तयार बोर्डवर) चालतं, बॉडी थ्रीडी प्रिंटची आहे. रोज वापरतो, एकदाही बंद पडलेला नाही. आता मोहीम सुरू करायला काही हरकत?

हरकत आहे. तुमच्याकडे चालणारा एक दिवा आहे. बॅकरना, म्हणजे मोहिमेत आगाऊ पैसे देणाऱ्यांना, द्यायचे आहेत ते कदाचित हजार दिवे, आणि ते तुम्ही नव्हे तर दुसऱ्याच कुणीतरी जोडलेले असणार. मधलं अंतर निव्वळ पैशाने भरून निघणारं आहे की तुम्हालाच अजून काही शोधून काढायचं आहे, हे आधी तपासा. उरलेल्या कामांची यादी करा आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: कोण करणार, किती दिवसांत, किती पैशांत. तिन्ही रकाने भरता आले तर ते काम मोहिमेनंतर ठेवायला चालेल. जिथे ‘जमेल बहुतेक’ असं लिहावंसं वाटतं, ते काम आधी संपवा. बॅकरच्या पैशाने साचा घडवता येतो, माल आणता येतो, पण न सुटलेलं कोडं त्या पैशाने सुटेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

तुमच्या दिव्यात असं पहिलं काम उष्णतेचं आहे. थ्रीडी प्रिंटसाठी सर्रास वापरलं जाणारं पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, म्हणून विक्रीच्या दिव्याची बॉडी बहुधा एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटची असेल. म्हणजे आज तुमच्या हातात आहे तो दिवा आणि विकला जाणारा दिवा यांचं प्लास्टिकच वेगळं आहे. बॅटरीचा प्रश्न याहून गंभीर. लिथियम-आयन सेल साधारण ० ते ४५ अंशांमध्येच चार्ज करायचा असतो. पूर्ण उजेडावर दिवा लावा, त्याच वेळी चार्जिंगही चालू ठेवा, आणि बॅटरी, चार्जिंगची चिप व एलईडीचं बूड अशा तीन ठिकाणी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवा. आकडे स्थिर होईपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन तास, नोंदी घ्या. खोलीचं तापमान त्यासोबत लिहायला विसरू नका, कारण गार खोलीत ३८ अंश आलेली बॅटरी उन्हाळ्यात सहज ४५ ओलांडते. असं झालं तर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) वाढवावा लागतो, बॅटरीची जागा बदलावी लागते आणि बॉडीचा आकारही बदलतो. साचा घडल्यावर हे कळणं फार महाग पडतं.

दुसरं काम स्वतःच्या पीसीबीचं, म्हणजे याच दिव्यासाठी आखलेल्या सर्किट बोर्डाचं. डेव्हलपमेंट बोर्डावरचा रेग्युलेटर आणि सूचक दिवे बॅटरी सतत थोडी थोडी खात असतात, त्यामुळे त्यावर मोजलेला ‘एका चार्जमध्ये इतके तास’ हा आकडा मोहिमेच्या पानावर छापता येत नाही. स्वतःच्या बोर्डाची पहिली फेरी बहुतेकदा चुकते. यूएसबीचं तोंड बॉडीच्या भोकाशी जुळत नाही, बटण अर्धा मिलिमीटर खोल जातं, एखाद्या घटकाचा फूटप्रिंट (बोर्डावरची त्याची जोडणीची जागा) उलटा बसलेला असतो. दोन फेऱ्यांची तयारी ठेवा. मागवणं, जोडणं आणि तपासणं धरून एका फेरीला तीन-चार आठवडे जातात.

मग दहा ते वीस नग बनवा. इतके का, तर एकच नग बनवताना माणूस नकळत कानस मारतो, स्क्रू थोडा सैल ठेवतो, चांगला सेल निवडून घेतो. दहा नगांत ही निवड करता येत नाही. सुट्या भागांच्या मापातला फरक उघड होतो: चार बॉड्यांना झाकण बसतं, दोघांना दाबावं लागतं, एकाला फट राहते. जोडणीच्या पायऱ्या कागदावर लिहा आणि तो कागद दिवा कधीही न पाहिलेल्या माणसाकडे द्या. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे तुमच्या कागदातली एक त्रुटी. एका नगाला लागलेली मिनिटंही मोजा. पुढे खर्चाच्या हिशेबात ती लागतील.

तयार झालेले नग अनोळखी लोकांना तीन-चार आठवडे वापरायला द्या. मित्रांना नको, ते सांभाळून वापरतात.

चालणाऱ्या नमुन्याची अट प्लॅटफॉर्मही घालतात. किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर हार्डवेअरच्या प्रकल्पाला प्रत्यक्ष नमुना दाखवावा लागतो आणि हुबेहूब वाटणारी संगणकीय चित्रं चालत नाहीत. २०१५ मध्ये स्कार्प या लेझर रेझरच्या मोहिमेत सुमारे ४० लाख डॉलर जमले होते, पण चालता नमुना नसल्याच्या कारणावरून किकस्टार्टरने ती थांबवली. बॅकरच्या खात्यातून पैसे जाण्याआधी ती थांबली, हे त्यांचं सुदैव. त्याच वर्षी झानो या छोट्या ड्रोनची कंपनी २३ लाख पौंड आणि १२ हजारांवर बॅकर गोळा करून बंद पडली. थोड्या लोकांच्या हाती ड्रोन पडले, पण जाहिरातीत दाखवलेली कामं ते करत नव्हते.

प्रश्न : बॉडीचा साचा मोहिमेआधीच बनवून घ्यावा का? साचेवाला म्हणतो, ‘आत्ता ऑर्डर दिलीत तर दोन महिने वाचतील.’

दोन महिने वाचतील हे खरं आहे. तरी सहसा देऊ नका. मोहिमेत लोक रंग मागतात, हुक मागतात, बटण दुसरीकडे हवं म्हणतात, आणि त्यातली एखादी सूचना खरोखर चांगली असते. शिवाय मागणी तीनशे नगांची आली की तीन हजारांची, यावर साचा कसा हवा हे ठरतं. काही हजार नगांपर्यंत ॲल्युमिनियमचा साचा पुरतो आणि लवकर होतो. त्यापुढे स्टील घ्यावं. शंभर-दोनशे नगांसाठी तर इंजेक्शन मोल्डिंगचा (धातूच्या साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरण्याचा) विचारच सोडावा: सिलिकॉनच्या साच्यात व्हॅक्यूम कास्टिंग करता येतं, एका साच्यातून साधारण वीस नग निघतात आणि पुढे साचा झिजतो.

साचा घडवायचा नसला तरी साच्याचा अभ्यास मात्र आधीच पुरा व्हायला हवा. थ्रीडी प्रिंटमध्ये निघणारी बॉडी साच्यातून जशीच्या तशी निघत नाही. उभ्या भिंतींना एक ते दोन अंशांचा उतार लागतो, नाहीतर नग साच्यात अडकतो किंवा बाहेर येताना ओरखडे पडतात. बाहेर पोत हवा असेल तर उतार आणखी वाढवावा लागतो. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, साधारण दोन ते तीन मिलिमीटर ठेवा. एखादा भाग जाड राहिला तर तो उशिरा गार होतो, आकसतो आणि वरच्या पृष्ठभागावर खळगा दिसतो. आतल्या फासळ्या भिंतीच्या निम्म्या जाडीच्या आसपास ठेवाव्यात, त्याचं कारणही हेच. आडवं भोक किंवा आत वळलेली कड असेल तर साच्याला सरकता भाग लागतो आणि किंमत लगेच चढते.

म्हणून साचेवाल्याला ड्रॉइंग दाखवून त्याच्याकडून लेखी घ्या: साचा कुठे उघडणार, प्लास्टिक कुठून आत शिरणार, नग बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या खुणा कुठे दिसणार, एका वेळी किती नग पडणार, किती दुरुस्त्या किमतीत धरल्या आहेत. या कागदासाठी तो थोडे पैसे मागेल. ते जरूर द्या. साचा घडायला सहा ते दहा आठवडे लागतात, आणि पहिल्या नमुन्यानंतर निदान दोन दुरुस्त्या होतात, एकेक दोन-तीन आठवड्यांची. दुरुस्ती करताना स्टील कमी करणं सोपं, भरणं अवघड, कारण त्यासाठी वेल्डिंग करावं लागतं. त्यामुळे जिथे माप नेमकं ठरलेलं नाही तिथे साच्यात स्टील मुद्दाम जास्त ठेवायला सांगा.

प्रश्न : उद्दिष्ट कमी ठेवलं की पहिल्याच दिवशी पूर्ण होतं आणि पुढे लोक आपोआप येतात, असं सगळे सांगतात. आम्हाला खरी गरज मोठी आहे. तरी कमी आकडा टाकावा का?

नाही. कमी उद्दिष्ट पूर्ण झालं आणि पुढे कुणी आलं नाही, तर अपुऱ्या पैशात सगळ्यांना वस्तू देण्याची जबाबदारी गळ्यात पडते. उद्दिष्ट गाठलं नाही तर पैसेच कापले जात नाहीत, हा किकस्टार्टरसारख्या प्लॅटफॉर्मचा नियम बॅकरइतकाच तुमच्याही संरक्षणासाठी आहे. खोटा आकडा टाकून तो हातचा घालवू नका.

हिशेब असा मांडा. बॅकर एका नगासाठी देतो ते १०० धरा. प्लॅटफॉर्म आणि पैसे वळते करण्याचा खर्च मिळून ९ गेले (किकस्टार्टर ५ टक्के घेतं, वर पैसे वळते करण्याचा खर्च). नग बनवायला ३८, खोका आणि आतली बांधणी ४, पाठवणी १४, बदलून द्यावे लागणारे नग ३, जाहिरात १२. झाले ८०. हाती उरले २०. आता एकदाच होणारे खर्च मोजा: साचा १८,०००, चाचण्या आणि प्रमाणपत्रं ८,०००, तपासणीची जिग (नग अडकवून तपासायची चौकट) आणि नमुने ४,०००. एकूण ३०,०००. त्याला २० ने भागा, १,५०० नग येतात. म्हणजे खरं उद्दिष्ट १,५०,०००.

आता यातला एकच आकडा हलवून बघा. पाठवणी १४ ऐवजी २० झाली तर हाती १४ उरतात आणि १,५०० च्या जागी जवळपास २,१५० नग लागतात. खोका दोन-दोन सेंटिमीटर मोठा निघाल्याने इतका फरक पडू शकतो, कारण कुरिअर कंपन्या खऱ्या वजनासोबत आकाराचं वजनही बघतात आणि जे जास्त असेल ते लावतात. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून ५,००० ने भागतात, ते किलो. ३० × २० × २० चा खोका २.४ किलोचा धरला जातो, आत ७०० ग्रॅमचा दिवा असला तरी. त्यामुळे खोक्याचं माप मोहिमेआधी पक्कं हवं. बरेच लोक खोका शेवटी बघू म्हणतात, आणि बरीचशी गळती तिथूनच सुरू होते.

एका नगामागे तोटा असेल तर लोकप्रियता तो भरून काढत नाही, वाढवते. कूलेस्ट कूलर या थंड पेयं ठेवायच्या पेटीची २०१४ ची मोहीम आठवा. उद्दिष्ट ५० हजार डॉलरचं, जमले १ कोटी ३० लाखांवर, बॅकर ६२ हजारांहून जास्त. बनवण्या-पाठवण्याचा खर्च घेतलेल्या पैशात बसेना. २०१९ च्या अखेरीस कंपनी बंद झाली तेव्हा सुमारे वीस हजार लोकांना वस्तू मिळालेली नव्हती.

प्रश्न : ब्लूटूथ असलेलं उपकरण आहे, आत लिथियम बॅटरी. प्रमाणपत्रं आधी घ्यायची की नंतर?

अंतिम प्रमाणपत्र नंतर, कारण ते अंतिम नगावरच मिळतं. बोर्ड किंवा अँटेनाची जागा बदलली की पुन्हा चाचणी करावी लागू शकते. मोहिमेआधी दोन गोष्टी मात्र करा. रेडिओ स्वतः डिझाइन न करता आधीच प्रमाणित झालेलं मॉड्यूल वापरा, म्हणजे सगळ्यात महागड्या चाचण्या टळतात किंवा कमी होतात. आणि प्रयोगशाळेत अर्धा-एक दिवस घेऊन प्राथमिक चाचणी करा. उपकरणातून होणारं रेडिओ लहरींचं उत्सर्जन मर्यादेबाहेर गेलं तर बोर्डाचा आराखडा बदलण्याची वेळ अजून गेलेली नसते.

बॅटरीसाठी यूएन ३८.३ चा (लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या चाचण्यांचा) अहवाल सेलच्या पुरवठादाराकडे मागा. सेल जोडून पॅक तुम्हीच बनवत असाल तर पॅकची चाचणी वेगळी लागते. अहवालाशिवाय माल विमानाने जात नाही. अहवाल देतो म्हणून महिनाभर टाळणारा पुरवठादार आत्ताच बदला.

प्रश्न : सगळं इतकं तयार असेल तर लोक म्हणणार, ‘मग पैसे कशाला मागता?’

विचारू द्या, उत्तर सोपं आहे: साच्यासाठी, कच्च्या मालासाठी आणि कारखान्याच्या किमान ऑर्डरसाठी. हे आकड्यांसह पानावर लिहा. लोकांचा विश्वास त्यानेच बसतो. तरी एक मर्यादा पाळा. रंग, पट्ट्याची लांबी, खोक्यावरचं चित्र, दुसरा आकार काढायचा की नाही, असे निर्णय खुले ठेवा, पण ज्या बदलाने सर्किट किंवा साचा हलतो तो खुला ठेवू नका. पैसे जास्त जमले तर नवं वैशिष्ट्य देण्याची आश्वासनंही याच चाळणीतून काढा. जाड कागद, जास्तीचा रंग, चांगली पिशवी चालेल. ‘मोबाइल ॲपसुद्धा देऊ’ हे चालणार नाही. तो आख्खा दुसरा प्रकल्प आहे.

प्रश्न : चित्रमय पुस्तक काढायचं आहे, १६० पृष्ठांचं. मजकूर जवळजवळ झाला, चित्रं दहा-बारा झाली आहेत. छपाईसाठी मोहीम करावी का?

‘जवळजवळ’ पुरत नाही. मजकूर पूर्ण हवा, संपादकाच्या हाताखालून गेलेला. मजकूर हलला की पृष्ठं हलतात, पृष्ठं हलली की फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेले पृष्ठांचे गट) बदलतात आणि छापखान्याचं कोटेशन रद्द होतं. १६ पृष्ठांचा फर्मा धरला तर १६० पृष्ठांचे बरोबर दहा फर्मे होतात. १६४ झाली तर उरलेल्या चार पृष्ठांसाठी वेगळा तुकडा छापावा लागतो आणि त्याचा खर्च चार पृष्ठांच्या मानाने खूप जास्त येतो.

चित्रांपैकी एक तृतीयांश तरी पूर्ण असावीत, आणि त्यात अवघड चित्रं हवीत: गर्दीची, दोन पृष्ठांवर पसरलेली, बारीक तपशिलाची. सोपी आधी उरकली तर वेगाचा अंदाज फसवा येतो. प्रत्येक चित्राला लागलेले तास लिहून ठेवा, सरासरी काढा, त्यात चौथा हिस्सा वाढवा. उरलेल्या चित्रांची तारीख त्यावरून ठरवा. चित्रकार दुसरी व्यक्ती असेल तर मानधन, तारखा आणि हक्क यांचा लेखी करार मोहिमेआधी व्हायला हवा.

छापखान्याकडून त्याच कागदाची, त्याच बांधणीची कोरी डमी मागवा. कण्याची रुंदी त्यावरून कळते आणि मुखपृष्ठ नीट बसतं. वजनही काढून ठेवा. ए५ आकाराच्या १६० पृष्ठांची ८० पानं होतात. एक पान ०.०३११ चौरस मीटर. १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) कागद धरला तर आतला भाग सुमारे ३२३ ग्रॅम. त्यावर कापडी बांधणीचे पुठ्ठे, वेष्टन आणि खोका. पाचशे ग्रॅमची टपालाची पायरी कुठे ओलांडली जाते हे इथेच दिसतं, आणि ती ओलांडत असेल तर १२० जीएसएमचा विचार आत्ताच करता येतो. रंगांसाठी निदान एका फर्म्याचं छापील प्रूफ त्याच कागदावर घ्या. पडद्यावरचा गडद निळा कागदावर हमखास जांभळट होतो.

प्रश्न : व्हिडिओ गेम बनवतोय. त्याला साचा नाही, छपाई नाही. मग ‘तयार’ म्हणजे काय समजायचं?

खेळाचा एक छोटा भाग, दहा-पंधरा मिनिटांचा, प्रकाशित करायच्या दर्जाचा: अंतिम चित्रं, आवाज, मेन्यू, सेव्ह करण्याची सोय, सगळं. त्याला लागलेले तास मोजा आणि उरलेल्या भागांना लावा. बहुतेकांना इथेच कळतं की योजना निम्म्याने कमी करायला हवी. नुसतं कथानक आणि चित्रं घेऊन अनुभवी लोकसुद्धा अडचणीत येतात. डबल फाइन स्टुडिओने २०१२ मध्ये ४ लाख डॉलर मागितले, ३३ लाख जमले, त्याबरोबर खेळाचा पसारा वाढला आणि तो २०१४ व २०१५ असा दोन भागांत बाहेर पडला.

प्रश्न : वस्तू देण्याची तारीख कशी ठरवावी?

हव्या त्या तारखेपासून मागे नको, आजपासून पुढे मोजा. आज उद्दिष्ट पूर्ण झालं असं समजा. किकस्टार्टरवर मोहीम संपल्यावर पैसे हाती यायला सुमारे १४ दिवस लागतात. मग साचा ८ ते १० आठवडे, दुरुस्त्या ४ ते ६, पन्नासेक नगांची चाचणी खेप ३, तिच्यातल्या चुका सुधारायला २, मुख्य उत्पादन ४ ते ६, समुद्रमार्गे माल आणि सीमाशुल्क ६ ते ८, पत्त्यांप्रमाणे पाठवणी ३. बेरीज ३२ ते ४० आठवड्यांची होते. कुठला एखादा घटक वीस आठवड्यांनी मिळणार असेल तर त्याची ऑर्डर पैसे आल्याच्या दिवशीच द्यावी लागते, म्हणून सगळ्या सुट्या भागांच्या यादीत ‘किती आठवड्यांत मिळतो’ आणि ‘पर्याय कोणता’ हे दोन रकाने असलेच पाहिजेत. कारखान्यांच्या मोठ्या सुट्ट्या मधे येत असतील तर त्याही धरा.

संशोधक इथन मोलिक यांनी किकस्टार्टरच्या प्रकल्पांवर केलेल्या अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तीन-चतुर्थांशाहून जास्त प्रकल्प ठरल्या वेळेनंतर वस्तू देताना दिसले. उशीर अपयशी मोहिमांनाच होतो असं नाही. पेबल या स्मार्ट घड्याळाने २०१२ मध्ये १ लाख डॉलर मागितले आणि १ कोटीहून जास्त जमवले. सप्टेंबर २०१२ ची तारीख दिली होती, घड्याळं जानेवारी २०१३ पासून जायला लागली. हजार नगांसाठी आखलेली पद्धत साठ-सत्तर हजारांना पुरत नाही. तुमचा कारखाना महिन्याला किती नग देऊ शकतो ते विचारा आणि त्यानुसार बक्षिसांची संख्या मर्यादित ठेवा: पहिले १,००० मार्चमध्ये, पुढचे १,००० मेमध्ये, अशा खेपा मोहिमेच्या पानावर सुरुवातीपासून दाखवा. त्यामुळे उशिरा आलेल्या बॅकरला आपली तारीख आधीच कळते आणि लवकर आलेल्याला गर्दीमुळे थांबावं लागत नाही.